वाऱ्याला वाट देणारे घर

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे २,००० किलोमीटर अंतरावर मॉरिशस नावाचे लहानसे बेट आहे. त्या बेटावर मोका नावाच्या गावी, डोंगराच्या पायथ्याशी आणि नदीच्या काठी १८३० साली बांधलेले एक लाकडी घर आजही उभे आहे. त्याचे नाव 'युरेका'. पुढे ते ल क्लेझिओ या फ्रेंच वंशाच्या घराण्याकडे आले. २००८ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारे लेखक ल क्लेझिओ याच घराण्यातले. या घराला १०९ दारे आहेत, असे ते पाहण्यास येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्या अभिमानाने सांगितले जाते.

घर म्हणजे आडोसा. आडोशासाठी भिंती लागतात. मग जेथे दर काही वर्षांनी भीषण चक्रीवादळ येते, त्या बेटावर एखाद्या गृहस्थाने भिंती कमी आणि दारे इतकी जास्त का ठेवावीत? या एका प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास वास्तुशास्त्राबरोबरच इतिहासही हाती लागतो, आणि वारसा म्हणजे नेमके काय जपावयाचे, याचाही विचार करावा लागतो. आजचा विषय तोच आहे: वसाहतकाळातील मॉरिशसची घरे आणि त्यांना तेथील हवामानाने शिकविलेला धडा.

प्रथम त्या हवामानाची ओळख करून घेतली पाहिजे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, सुमारे २० अंश अक्षांशावर आहे. आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हा तेथे उन्हाळा असतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जानेवारीत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. हवा दमट असते. अंगावरचा घाम वाळत नाही. अशा ठिकाणी सावली पुरत नाही, हवा हलती असावी लागते. निसर्गाची कृपा अशी, की आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षाचा बराच काळ या बेटावरून वाहत असतात. पाऊस मात्र ठिकाणागणिक बदलतो. मधल्या पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर, तर डोंगराआडच्या पश्चिम किनाऱ्यावर ९०० मिलिमीटरही नाही. आणि नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा चक्रीवादळांचा काळ. चक्रीवादळाचे वैशिष्ट्य असे, की त्याचा केंद्रबिंदू डोक्यावरून जात असेल तर आधी एका बाजूने वारा झोडपतो, मग काही काळ विलक्षण शांतता पसरते, आणि त्यानंतर तोच वारा नेमका उलट दिशेने येतो. घराच्या एकाच बाजूला केलेला बंदोबस्त तेथे कामाचा नसतो.

अशा बेटावर डच लोक १५९८ साली उतरले. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली आणि १७१० साली ते बेट सोडून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो त्यांच्याकडून जिंकून घेतला, आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. १७३५ साली माहे द ला बुर्दोने हा फ्रेंच गव्हर्नर आला आणि पोर्ट लुई बंदराला शहराचे रूप आले. युरोपातून आलेल्या माणसाच्या मनात घराचे जे चित्र असते ते थंडीशी झुंजणाऱ्या घराचे: जाड भिंती, लहान खिडक्या, घराच्या पोटात शेगडी, ऊब बाहेर जाऊ नये अशी सारी योजना. हे चित्र या बेटावर उपयोगाचे नव्हते. येथे आत कोंडलेली ऊब हाच शत्रू होता. शिवाय वादळे होती, वाळवी होती आणि आग होती. १८१६ साली लागलेल्या मोठ्या आगीत पोर्ट लुईचा मोठा भाग भस्मसात झाला. चुका करीत, पडझड सोसत आणि दुसऱ्यांकडून शिकत जे घर दीडशे वर्षांत घडले, त्याला 'क्रेओल घर' असे म्हणतात.

हे घर पायापासून छपरापर्यंत पाहण्यासारखे आहे. त्याचे जोते बेटावर विपुल मिळणाऱ्या काळ्या बसाल्ट दगडाचे. घर जमिनीपासून उचललेले असल्यामुळे पावसाचे पाणी आत येत नाही, ओल वर चढत नाही आणि वाळवीला लाकडापर्यंत सहज पोहोचता येत नाही. जोत्यावर लाकडी सांगाडा आणि लाकडी फळ्यांच्या भिंती. लाकूड उष्णता साठवून ठेवत नाही. दिवसभर तापलेले लाकडी घर सूर्य मावळल्यावर लवकर निवते, तर जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता रात्री आतल्या माणसांना परत देत राहते. जेथे रात्री वारा असतो, तेथे लाकडाचा हा गुण फार मोलाचा.

घराच्या दर्शनी बाजूस, आणि 'युरेका'सारख्या मोठ्या घरात सभोवार, रुंद पडवी असते. तिला तेथे 'वरांग' म्हणतात. आपला 'व्हरांडा' आणि त्यांची 'वरांग' हे एकाच कुळातले शब्द आहेत. पोर्तुगीज खलाशांच्या संगतीने हिंदी महासागराच्या बंदराबंदरांतून हिंडलेले. वरांगेचे काम असे, की सूर्याचे किरण भिंतीला स्पर्शच करू शकत नाहीत. दुपारचा सूर्य छपरावर असतो, परंतु सकाळ-संध्याकाळचा कलता सूर्य थेट भिंतीवर येतो. त्याला वरांग अडवते. भिंत तापत नाही, म्हणून खोली तापत नाही. पाऊस तिरपा आला तरी दारे-खिडक्या उघड्या ठेवता येतात. दमट प्रदेशात ही फार मोठी सोय आहे, कारण पावसात खिडकी बंद करावी लागली की घाम सुरू होतो.

आता त्या १०९ दारांकडे येऊ. क्रेओल घरात दारे समोरासमोर असतात. दिवाणखान्याच्या एका अंगाला दार असेल तर त्याच रेषेत पलीकडच्या अंगालाही दार असते. वारा आत येतो तो अडत नाही, सरळ पलीकडे निघून जातो. ही दारे म्हणजे एका परीने भिंतच. हवी तेव्हा उघडणारी आणि हवी तेव्हा मिटणारी. त्यांना बाहेरून लाकडी झडपा असतात. रोजच्या दिवसात झडपा उघड्या, म्हणजे सारे घर वाऱ्याची वाट. वादळाची सूचना मिळाली की झडपा मिटून अडसर घालायचे. वारा एकदा आत शिरला की तो छपराला आतून वर ढकलतो आणि घर उघडे पाडतो. म्हणून वादळाच्या रात्री एकही झडप सैल राहता कामा नये. रोजच्या वाऱ्याला मोकळी वाट द्यायची आणि वादळाला मज्जाव करायचा, अशी दोन परस्परविरोधी कामे एकाच दाराकडून करून घेतली आहेत.

छप्पर बहुधा उतरते आणि चौपाखी. चारही बाजूंना उतार असल्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला धरण्यास उभा त्रिकोणी कोपरा सापडत नाही. उतारामुळे पावसाचे पाणी झरझर वाहून जाते. छपराखालच्या पोकळीत तापलेली हवा साचते आणि खालच्या खोल्या तिच्यापासून दूर राहतात. छप्पर पूर्वी लाकडाच्या चपट्या फळ्यांनी, कौले रचावीत तसे शाकारीत. पुढे पन्हळी पत्रे आले. छपराच्या कडेला लाकडाची किंवा पत्र्याची नक्षीदार झालर लावलेली असते. ती पाहून सगळ्यांना कौतुक वाटते ते तिच्या शोभेचे. पण पागोळ्या भिंतीवर न ओघळता झालरीच्या टोकांवरून बाहेर पडतात, हाही तिचा उपयोग. आणि स्वयंपाकघर? ते मुख्य घरापासून दूर, वेगळ्या दगडी इमारतीत. धूर, उष्णता आणि आगीचे भय तिघेही दूर ठेवले.

श्रोतेहो, हे घर पाहणारा सहज म्हणतो, फ्रेंचांनी किती विचारपूर्वक बांधले! हे म्हणणे अर्धेच खरे आहे. आराखडा धन्याचा असेल, परंतु हात दुसऱ्यांचे होते. ला बुर्दोनेच्या काळात दक्षिण भारतातील पाँडिचेरीकडून गवंडी, सुतार, लोहार असे कारागीर मॉरिशसला आणले गेले. आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांनी दगड फोडले, जंगले तोडली, लाकूड तासले. तेथे गुलामगिरी १८३५ साली बंद झाली. म्हणजे १८३० चे 'युरेका' उभे राहिले तेव्हा ती चालू होती. त्या घराची वाखाणणी करताना हे विसरून चालत नाही.

भारतीय कारागिरांनी नेलेली एक विद्या विशेष सांगण्यासारखी आहे. सपाट गच्चीसाठी चुन्याचा एक घट्ट गिलावा तेथे वापरीत. त्याला 'आर्गामास' म्हणत. शब्द पोर्तुगीज, रीत भारतातली. प्रवाळ भट्टीत भाजून चुना करावयाचा, त्यात साखर आणि अंडी यांसारखी द्रव्ये मिसळावयाची आणि थर बसेपर्यंत तो गिलावा कुटत राहावयाचे. ज्यांच्या आजोळी जुना वाडा होता, त्यांनी चुन्याच्या घाणीत गूळ घातल्याच्या गोष्टी ऐकल्या असतील. समुद्रापलीकडच्या बेटावरही तीच युक्ती वापरात होती. शिकविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मात्र कोणत्याही कमानीवर कोरलेले नाही.

गुलामगिरी गेली आणि तिच्या जागी करारबद्ध मजुरी आली. १८३४ पासून पुढे सुमारे ४.५ लाख भारतीय मजूर मॉरिशसला नेण्यात आले. बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहूनही गेले, आणि त्यांत कोकणातली व पश्चिम महाराष्ट्रातली मराठी माणसे होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, १८४९ साली बांधण्यास सुरुवात झालेल्या ठाण्यात त्यांची नोंद होई. तेच आजचे 'आप्रवासी घाट'. २००६ साली ते जागतिक वारसास्थळ झाले. बोटीतून उतरलेला मजूर तेथल्या दगडी पायऱ्या चढून मळ्याच्या वाटेला लागे.

त्याला राहावयास काय मिळाले? उसाच्या मळ्यावर रांगेने उभारलेल्या कोंदट खोल्या, किंवा त्याने स्वतःच बांधलेली झोपडी: भिंती माती-शेणाच्या, वर वाळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर. तेथल्या बोलीत तिला 'लाकाझ लापाय', म्हणजे गवताचे घर, म्हणतात. कोकणातून गेलेल्या माणसाला धन्याच्या घरातले बरेच काही ओळखीचे वाटले असेल. उंच जोते, उतरते छप्पर, पुढची पडवी, पागोळ्यांची झड यांत त्याला नवे ते काय? त्याच्या गावीही पाऊस असाच आडवा येत होता. पण पडवीत बसून वारा घेण्याची पाळी त्याची नव्हती. धन्याचे घर आणि मजुराची झोपडी यांवर ऊन, पाऊस, वारा एकच होता. त्यांपासून मिळणारे रक्षण एकसारखे नव्हते. वादळ आले की हा भेद उघडा पडे. २९ एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळात त्या बेटावर सुमारे १,२०० माणसे दगावली.

हे घर एकदा ठरले आणि तसेच राहिले, असेही झाले नाही. १८६७ च्या सुमारास हिवतापाची भयंकर साथ आली. किनाऱ्यावरच्या पोर्ट लुईमधून ज्यांना शक्य होते ते लोक थंड, उंच पठारावर क्युरपीपकडे जाऊ लागले. नुकतीच रेल्वे सुरू झाली होती, त्यामुळे वर राहून खाली कामाला येणे जमू लागले. पठारावर ऊन कमी, पाऊस आणि गारठा जास्त. मग वरांगेचे रूप बदलले. अनेक घरांतून तिला काचेच्या तावदानांच्या खिडक्या लागल्या. वाऱ्याची जागा उजेडाची जागा झाली. लाकडी घराची आणखी एक गंमत अशी, की ते सोडवून दुसरीकडे नेता येते. मोका येथील 'ला मालमेझाँ' नावाचे घर असेच उतरवून क्युरपीपला नेले आणि १९०२ साली ते तेथले नगरभवन झाले. घर तेच, जागा नवी, काम नवे.

मग १९६० साल उजाडले. जानेवारीत 'अ‍ॅलिक्स' आणि फेब्रुवारीच्या अखेरीस 'कॅरोल' अशी दोन चक्रीवादळे पाठोपाठ आली. 'कॅरोल'चे झोत ताशी २५० किलोमीटरांच्या वर गेले होते. गवताची घरे नाहीशी झाली, पत्र्यांची उडाली, लाकडाची कित्येक मोडली. हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्या आघातानंतर बेटाने सिमेंट-काँक्रीटचा मार्ग धरला. सरकारी वसाहती उभ्या राहिल्या, माणसांनी पै पै साठवून स्वतःची पक्की घरे बांधली. आज मॉरिशसमध्ये जिकडे तिकडे सपाट स्लॅबची घरे दिसतात. कित्येकांच्या गच्चीवर लोखंडी सळया उभ्या ठेवलेल्या असतात. मुलाचे लग्न होईल, वर एक मजला चढेल, ही आशा त्या सळयांत आहे.

या बदलाला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. १९७५ साली 'जर्व्हेझ' वादळाचे झोत ताशी २८० किलोमीटरांपर्यंत पोहोचले, तेव्हा पक्क्या घराचे मोल लोकांना कळले. ज्या मजुराच्या आजोबांची झोपडी वाऱ्याबरोबर गेली, त्याच्या नातवाला सिमेंटच्या भिंतीत सौंदर्य दिसत असेल तर त्यात नवल नाही. त्याच्यासाठी ती भिंत म्हणजे प्रतिष्ठा आहे आणि लेकराबाळांच्या जिवाची हमी आहे. जुन्या लाकडी घराविषयी हळहळणे बहुधा त्यांना परवडते, ज्यांच्यावर त्या घरामागच्या झोपडीत राहण्याची वेळ आली नव्हती.

तरीही एक गोष्ट हातची गेली. काँक्रीटची सपाट गच्ची दिवसभर तापते आणि रात्री उष्णता खाली सोडते. पडवी वगळली गेली, कारण तेवढ्या जागेत एक खोली होते. समोरासमोरची दारे गेली. मग पंखा आला, पाठोपाठ वातानुकूलन यंत्र आले, विजेचे देयक वाढत गेले. वारा बाहेर तसाच वाहतो आहे. घराने त्याला वाट द्यावयाचे सोडले. वादळाच्या भयाने सिमेंट स्वीकारले हे योग्यच झाले, पण सिमेंट स्वीकारताना सावली आणि वारा यांचे ज्ञानही टाकून देण्याचे कारण नव्हते. काँक्रीटच्या घरालाही पडवी असू शकते. स्लॅबवरही उतरत्या छपराची सावली घालता येते. भक्कम भिंतीतही समोरासमोर दारे ठेवता येतात. मजबुती आणि मोकळी हवा यांत वैर नाही. ते घाईने मानले गेले.

जुनी घरे जपण्याचेही प्रयत्न तेथे झाले आहेत. मापू येथील 'शातो द लाबुर्दोने' हा १८५९ साली पूर्ण झालेला दुमजली प्रासाद २००६ ते २०१० या काळात जीर्णोद्धार करून लोकांसाठी खुला करण्यात आला. 'युरेका'ही पाहावयास मिळते. हे आवश्यकच आहे. परंतु चार प्रासाद संग्रहालये म्हणून राखले आणि शेजारी लाखो घरे तापत राहिली, तर वारसा जपला असे म्हणता येईल का? त्या घराचा खरा वारसा लाकडात नाही, झालरीच्या नक्षीत नाही, १०९ या आकड्यातही नाही. सूर्य कोठून येतो, वारा कोठून येतो, पाणी कोठे जाते हे आधी पाहावयाचे आणि मग भिंत घालावयाची, या सवयीत तो आहे. ही सवय प्रासादाला जितकी लागू, तितकीच दोन खोल्यांच्या घरालाही.

मॉरिशसच्या मराठी माणसांनी हे एका वेगळ्या संदर्भात करून दाखविले आहे. पणजोबांची झोपडी राहिली नाही, मळ्यावरच्या खोल्या राहिल्या नाहीत. घरात आणि बाजारात बोलली जाणारी भाषाही बहुतांशी क्रेओल झाली. तरी गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे, कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते, आणि शाळांतून मराठी हा विषय शिकविला जातो. भाषेची इमारत जशीच्या तशी नेता आली नाही. तिचे जोते मात्र तेथे पक्के घातले गेले.

महाराष्ट्राबाहेर ६० वर्षे चाललेल्या मराठी शाळेला या घराची गोष्ट परकी वाटू नये. अशी शाळाही दुसऱ्या मातीत बांधलेले घर असते. सभोवतालची भाषा निराळी, हवा निराळी. सगळी दारे लावून घेतली तर आत कोंडमारा होतो आणि मुले बाहेरच्या जगाला पारखी होतात. सगळी सताड उघडी ठेवून झडपाच काढून टाकल्या तर एखाद्या वादळात छप्पर जाते. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी वर्गात मराठी, मैदानावर शेजारची भाषा आणि पुढे कामावर इंग्रजी असा प्रवास केला आहे. घरातल्या मराठीने त्यांना वारा कधी अडवू दिला नाही आणि वादळात उघडेही पाडले नाही.

शाळेच्या इमारती आता बदलतील. काळाची गरज म्हणून नवे मजले चढतील, जुनी कौले उतरतील. ते व्हावेच. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्या वेळी नव्या आराखड्याकडे पाहताना दोन साधे प्रश्न अवश्य विचारावेत: या वर्गात वारा कोठून येणार, आणि मधल्या सुटीत मुले सावलीला कोठे बसणार? मराठीबद्दलही हेच दोन प्रश्न विचारता येतील. त्यांची उत्तरे नीट मिळाली, तर भिंत लाकडाची आहे की सिमेंटची, याने फारसे बिघडत नाही.